पूलची स्टिक: वजन आणि तोल जुळवण्याचा नीट क्रम

पूल खेळायच्या पार्लरमध्ये दर थोड्या दिवसांनी कुणीतरी नवी स्टिक माझ्या हातात देतो आणि म्हणतो, "दादा, ही हलकी वाटते. मागे वजनाचा बोल्ट टाकून घेऊ का?" मी उलट विचारतो, "पुढे हलकी वाटते की मागे?" यावर बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो, कारण त्या अंगाने त्याने विचारच केलेला नसतो. पुढून हलकी लागणाऱ्या स्टिकमध्ये मागून बोल्ट घातला तर ती पुढून आणखी हलकी होते. मग अजून एक बोल्ट, मग जड शाफ्ट (काठीचा पुढचा निमुळता तुकडा), आणि चार महिन्यांनी चांगली भली स्टिक विकायला निघते.

स्टिकवर लिहिलेले १९ किंवा २० औंस हे सगळ्या काठीचं वजन असतं. ते वजन काठीत नेमकं कुठे बसलंय, यावर हाताला ती कशी लागेल ते ठरतं. लाकूड कुठलं, दोन तुकड्यांमधला जॉइंट कशाचा, बटाच्या म्हणजे मागच्या जाड तुकड्याच्या आत काय, या सगळ्या गोष्टी शेवटी याच एका प्रश्नावर येतात. म्हणून आधी मोजा, मग काठी कशाची बनली आहे ते ओळखा, मग तात्पुरतं वजन लावून खेळा, आणि बोल्टला हात सगळ्यात शेवटी लावा. लोक नेमकं शेवटच्या पायरीपासून सुरू करतात.

१. मोजण्याआधीची तयारी

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा, शिंप्याची टेप, हातभर सुतळी, दोन खोडरबर आणि एक वही. एवढंच लागतं. काटा घरात नसेल तर पुण्यात बोहरी आळीत किंवा तुळशीबागेच्या आसपास सहज मिळतो.

काट्यावर ठेवण्याआधी शाफ्ट स्वच्छ करा. हे मी सांगितलं की लोकांना वेळकाढूपणा वाटतो, पण "जड वाटते" या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. पावसाळ्यात हात दमट असतात, चॉकची पूड आणि घाम शाफ्टवर बसून चिकट थर होतो, आणि स्टिक बोटांमधून अडकत सरकते. अडकणारी स्टिक हाताला जड लागते. घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने शाफ्ट पुसा, लगेच कोरड्या सुती कापडाने घासून गरम होईपर्यंत चोळा, रात्रभर आडवी ठेवा.

मग टिप, म्हणजे टोकावरची चामड्याची चकती, बघा. कडेने फुगून फेरूलच्या (टिपेखालच्या कडीच्या) बाहेर आली असेल तर आधी ती नीट करून घ्या. स्टिक टेबलावर लोळवून वाकलेली नाही ना तेही पाहा. वाकलेल्या काठीचा तोल जुळवण्यात अर्थ नाही.

> सावधान: शाफ्टला सॅंडपेपर लावू नका. शाफ्ट एकदा बारीक झाली की परत जाड होत नाही, आणि तिचा कडकपणाही जातो.

२. तीन मापं

*पहिलं माप, वजन.* दोन तुकड्यांची स्टिक असेल तर बट आणि शाफ्ट वेगवेगळे तोला. काट्यावर वाटी ठेवून आकडा शून्य करा आणि तुकडा वाटीवर आडवा, कुठेही न टेकता ठेवा. पूलच्या स्टिक साधारण १८ ते २१ औंसांत येतात. एक औंस म्हणजे २८.३५ ग्रॅम, तेव्हा १८ औंस ५१०, १९ औंस ५३९, २० औंस ५६७ आणि २१ औंस ५९५ ग्रॅम. छापील आकडा आणि काट्यावरचा आकडा यांत दहा-बारा ग्रॅमचा फरक निघाला तर घाबरू नका. वहीत काट्यावरचाच लिहा. लाकडी शाफ्ट बहुधा १०० ते १३० ग्रॅमच्या मध्ये भरते, बाकीचं सगळं बटात असतं.

*दुसरं माप, तोलबिंदू.* स्टिक जोडा. दोन्ही हातांच्या तर्जन्या लांब-लांब धरून त्यांवर ती आडवी ठेवा आणि बोटं सावकाश जवळ आणा. एक बोट थांबेल, दुसरं सरकेल, मग उलट होईल, आणि शेवटी दोन्ही बोटं जिथे भेटतील तिथेच तोल असेल. कितीही वेडीवाकडी बोटं सरकवली तरी ती तिथेच भेटतात. अचूक हवं असेल तर त्या जागी सुतळीचा फास घालून स्टिक लटकवा आणि आडवी राहीपर्यंत फास सरकवा. बटाच्या टोकापासून तिथपर्यंतचं अंतर म्हणजे तोलबिंदू. ५८ इंची, म्हणजे सुमारे १४७ सेंटिमीटरच्या स्टिकमध्ये तो बहुधा ४३ ते ५१ सेंटिमीटरच्या दरम्यान सापडतो.

*तिसरं माप, पुढच्या हातावरचा भार.* हे कुणी घेत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं हेच आहे. टेबलापाशी तुम्ही नेहमी उभे राहता तसे उभे राहा, स्ट्रोकची ढब घ्या, आणि मित्राला दोन खुणा करायला सांगा: मागच्या मुठीच्या मधोमध एक, आणि पुढचा हात जिथे स्टिकला आधार देतो तिथे दुसरी. खुणेला रंगाऱ्याची कागदी पट्टी वापरा, पेन नको.

आता घरी जेवणाच्या टेबलावर किंवा सपाट फरशीवर काटा ठेवा. खोडरबरला ब्लेडने इंग्रजी व्हीसारखी खाच पाडा, ते काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. दुसरं खोडरबर तशीच खाच पाडून पुस्तकांच्या चळतीवर, काट्यावरच्या खोडरबरच्या बरोबर उंचीवर ठेवा. स्टिकची पुढची खूण काट्यावरच्या खाचेत, मागची खूण चळतीवरच्या खाचेत. काटा जो आकडा दाखवेल तेवढं वजन तुमच्या पुढच्या हातावर येतं. बाकीचं मागच्या हातात.

५३९ ग्रॅमची, तोलबिंदू ४७ सेंटिमीटरवर असलेली स्टिक घ्या. मूठ बटाच्या टोकापासून २० सेंटिमीटरवर आणि पुढचा हात ११५ वर असेल तर काटा सुमारे १५३ ग्रॅम दाखवेल. तीच स्टिक एखादा बुटका खेळाडू ३० वर धरत असेल तर आकडा १०८ होतो. काठी तीच, वजन तेच, तोलबिंदूही तोच, पण एकाला ती पुढे दडपणारी वाटते आणि दुसऱ्याला मोकळी. मित्राचा औंसचा आकडा पाहून स्टिक घेऊ नये ते यासाठी.

> तपासा: तिन्ही मापं दोन वेळा घ्या. दुसऱ्या वेळी भारात पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर पुस्तकांची उंची चुकली आहे किंवा काटा सपाट बसलेला नाही.

३. हे एक गणित जमलं पाहिजे

वजन कुठे घातलं की काय होईल, हे विकत घेण्याआधी कागदावर काढता येतं. जुनं वजन गुणिले जुना तोलबिंदू, त्यात नवं वजन गुणिले त्याचं बटाच्या टोकापासूनचं अंतर मिळवा, आणि एकूण वजनाने भागा. आला नवा तोलबिंदू.

आपल्या ५३९ ग्रॅमच्या स्टिकमध्ये एक औंसाचा बोल्ट बटाच्या टोकापासून ५ सेंटिमीटरवर घातला असं धरू. ५३९ × ४७ म्हणजे २५,३३३. त्यात २८ × ५ म्हणजे १४० मिळवले, २५,४७३. भागिले ५६७, उत्तर ४४.९. तोल दोन सेंटिमीटर मागे सरकला. आणि पुढच्या हातावरचा भार? १५३ वरून १४९. स्टिक २८ ग्रॅमने जड झाली, पण पुढच्या हाताला ती चार ग्रॅमने हलकी लागते. बोल्ट मुठीच्या मागे बसतो, त्यामुळे मूठ टेकूसारखी वागते आणि पुढची बाजू उचलली जाते. वाढलेलं सगळं वजन, आणि वर हे चार ग्रॅम, मागच्या हातात येतात.

तोच एक औंस जॉइंटपाशी, ७३ सेंटिमीटरवर घातला तर तोल ४८.३ वर जातो आणि पुढच्या हाताला पंधरा-सोळा ग्रॅम जास्त लागतात. वजन तेवढंच, परिणाम बरोबर उलट.

माझ्या ओळखीच्या एका मुलाने हे न करता लागोपाठ दोन बोल्ट बदलले. त्याची तक्रार होती की स्ट्रोक मारताना टिप वर तरंगते. दोन्ही वेळा बोल्ट जास्त जड घेतला. आम्ही तो बोल्ट पूर्ण काढून टाकला आणि टिप खाली बसली. त्याला एकूण वजन वाढवायचं नव्हतंच, तोल पुढे आणायचा होता.

४. लाकूड ओळखा

बटाचं लाकूड किती जड, याची मोठी चर्चा होते. थोडी गरजेपेक्षा जास्त होते असं मला वाटतं, पण आकडे माहीत असावेत.

शाफ्टसाठी आणि साध्या बटासाठी वापरलं जाणारं हार्ड मेपल घनमीटरला सुमारे ७०० किलो भरतं. स्नूकरच्या स्टिकमधलं ऍश त्याहून किंचित हलकं, रेषा ठळक असलेलं. शिसवी ८०० च्या आसपास. आबनूस, म्हणजे एबनी, ९०० च्या पुढे आणि चांगलं गच्च असेल तर हजाराच्या जवळ जातं.

जॉइंटच्या मागचा हातभर भाग, ज्याला फोरआर्म म्हणतात, तो साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि सरासरी २३-२४ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे १३० घनसेंटिमीटर लाकूड. मेपलचा असेल तर ९१ ग्रॅम, एबनीचा असेल तर १२५ च्या आसपास. फरक पस्तीस ग्रॅमचा, सव्वा औंस. ऐकायला मोठा वाटतो. पण हा भाग बटाच्या टोकापासून सरासरी ५८ सेंटिमीटरवर, म्हणजे तोलबिंदूच्या जवळ आहे. त्यामुळे तोल फक्त पाऊण सेंटिमीटरने पुढे येतो. एबनीची स्टिक एकूण जड लागते, पुढे झुकलेली फारशी लागत नाही. ज्यांना तोल न हलवता वजन हवं आहे त्यांच्यासाठी जड लाकडाचा फोरआर्म हा उत्तम मार्ग आहे, फक्त तो नवी स्टिक घेतानाच निवडावा लागतो.

मुठीखालचं लाकूड मुठीच्या आजूबाजूलाच असल्याने पुढच्या हाताला त्याचा पत्ताही लागत नाही. मुठीवर गुंडाळलेल्या रॅपचंही तेच. सुती किंवा लिननच्या दोऱ्याचा रॅप हलका, चामड्याचा थोडा जड. तो पकड आवडते म्हणून निवडा, वजनासाठी नको.

बाहेरून गडद लाकूड दिसलं म्हणजे आतपर्यंत तेच आहे असं समजू नका. जड लाकडाचं बट आतून लांबलचक पोखरून त्यात मेपलचा दांडा चिकटवण्याची पद्धत आहे. त्यामुळे बट सरळ राहतं आणि वजन आटोक्यात येतं. स्वस्त स्टिकमध्ये तर साध्या लाकडावर नक्षीचा छापील कागद आणि वर जाड पॉलिश असतं, आणि वजन भरून काढायला मागे लोखंडाचा तुकडा कायमचा बसवलेला असतो. अशी स्टिक मागच्या टोकाचा रबरी बम्पर काढल्यावर आत बोल्टच्या जागी गुळगुळीत धातू किंवा बंद लाकूड दाखवते. तिथे बदलण्यासारखं काही नसतं.

> सावधान: अशा बंद बटाला मागून भोक पाडून शिसं ओतण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वितळलेलं शिसं लाकूड आतून जाळतं, त्याची वाफ घेणाऱ्याला घातक असते, आणि एकदा ओतलेलं वजन परत काढता येत नाही.

५. जॉइंट आणि शाफ्ट: इथे थोडं वजनही खूप बोलतं

जॉइंट स्टिकच्या मध्यावर, तोलबिंदूच्या पंचवीसेक सेंटिमीटर पुढे असतो. स्टेनलेस स्टीलची कडी आणि स्टीलचा पिन असलेला जॉइंट तोल स्पष्टपणे पुढे ओढतो. फिनॉलिक या कडक प्लास्टिकची पातळ कडी आणि लाकडाला लाकूड भिडणारा जॉइंट त्यामानाने हलका. स्टीलचा घनमीटर ७,८५० किलो, टायटेनियमचा साडेचार हजार, ॲल्युमिनियमचा २,७००. नुसता पिन स्टीलऐवजी टायटेनियमचा असला तरी त्या जागेवर जाणवण्याइतका फरक पडतो.

स्टीलच्या जॉइंटने फटका कडक होतो की नाही, यावर रात्रभर वाद घालता येईल. मी घालत नाही. तोलावर होणारा परिणाम मोजता येतो, तेवढा मोजा.

शाफ्ट तर आणखी पुढे. तिचं स्वतःचं मध्य बटाच्या टोकापासून १०६ सेंटिमीटरच्या आसपास येतं. जुन्या शाफ्टपेक्षा फक्त १० ग्रॅम जड शाफ्ट लावली की तोल एक सेंटिमीटर पुढे जातो आणि पुढच्या हाताला नऊ ग्रॅम जास्त लागतात. म्हणजे शाफ्टमधल्या १० ग्रॅमना मागून तोलायला अर्ध्या औंसाचा, १४ ग्रॅमचा बोल्ट लागतो. कार्बनची शाफ्ट घेणारे इथे फसतात. "कार्बन म्हणजे हलकं" असं धरून चालतात. कार्बनची नळी, आतला फोम, जॉइंटची धातूची बैठक, या सगळ्यांचं मिळून वजन लाकडी शाफ्टपेक्षा कमीही असू शकतं आणि जास्तही. दुकानात काटा मागा. तुमच्या जुन्या शाफ्टचं वजन वहीत आहेच, शेजारी नवं लिहा आणि गणित तिथेच करा.

कमी डिफ्लेक्शनच्या शाफ्टचं वेगळं. तिचं टोक आतून पोखरलेलं, फेरूल हलका, उद्देश हा की साइड मारताना, म्हणजे बॉलच्या मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला टिप लावताना, पांढरा बॉल कमी बहकावा. टोकाचं वजन जितकं कमी तितकं बहकणं कमी. त्यामुळे अशा शाफ्टला पुढे जड करण्यासाठी टिपेकडच्या वीतभर भागात काहीही चिकटवू नका, जाड फेरूलही बसवू नका. तोल येईल, नेम जाईल.

६. काय बदलायचं ते ठरवा

आता वही उघडा. तीन आकडे आहेत, आणि काठी कशाची आहे हेही माहीत आहे. तक्रार एका वाक्यात लिहा, मात्र त्यात "फील" हा शब्द नको.

टिप वर तरंगते, मागचा हात जड लागतो: तोल मागे आहे. आधी बोल्ट हलका करा किंवा काढा. तेवढ्याने भागलं नाही तरच शाफ्ट किंवा जॉइंटचा विचार.

पुढचा हात दडपतो, लांब स्ट्रोकमध्ये टिप खाली घसरते: तोल पुढे आहे. मूठ दोन बोटं मागे-पुढे करून बघा. मूठ पुढे आणली की पुढचा भार कमी होतो, हे वर पाहिलंच. फुकटचा उपाय आहे. त्याने स्ट्रोक अवघडला तरच मागे वजन.

दोन्ही हातांना काठी पोकळ लागते, हळू फटक्यात हात थरथरतो: एकूण वजन कमी आहे. वजन तोलबिंदूजवळ वाढवायला हवं, आणि तिथे बोल्ट जात नाही. म्हणून मागे थोडं आणि जॉइंटजवळ थोडं असं वाटून घालावं लागतं.

ब्रेकसाठी, म्हणजे डाव उघडणाऱ्या पहिल्या फटक्यासाठी, वेगळी स्टिक असेल तर ती जड असलीच पाहिजे असं नाही. हात वेगाने फिरला पाहिजे. नियमाप्रमाणे वरची मर्यादा २५ औंस, म्हणजे सुमारे ७०९ ग्रॅम आहे. तिच्या जवळपास जाण्याची गरज मी कुणालाही पडलेली पाहिली नाही.

७. आधी तात्पुरतं वजन लावून खेळा

ही पायरी गाळू नका. बाकी काहीही गाळलंत तरी चालेल.

मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार वजनावर मिळते. पन्नास-साठ ग्रॅम घ्या, बारीक गेजची. जिथे वजन हवं तिथे आधी रंगाऱ्याच्या कागदी पट्टीचे दोन वेढे द्या, म्हणजे पॉलिशला ओरखडा येणार नाही. त्यावर तार एकाशेजारी एक, घट्ट गुंडाळा, आणि वरून परत पट्टी. तार गुंडाळण्याआधी तोला. मागे बोल्टसारखा परिणाम बघायचा असेल तर बटाच्या टोकापासून दोन-पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात गुंडाळा, पुढे हवं असेल तर जॉइंटच्या मागच्या बाजूला. तार मिळाली नाही तर दहा रुपयांची नाणी चालतात. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या जवळ असतं, चार नाणी म्हणजे औंसाच्या किंचित वर. मात्र नाणी बटाच्या गोलाईवर नीट बसत नाहीत, हलतात, आणि हलणाऱ्या वजनाने काहीच कळत नाही.

एका वेळी १४ ग्रॅम. त्याहून जास्त नको. दर वेळी तिन्ही मापं परत घ्या आणि किमान चार-पाच दिवस तसंच खेळा. पहिल्या अर्ध्या तासात प्रत्येक बदल चांगला वाटतो, तिसऱ्या दिवशी खरं कळतं.

कसं तपासायचं? पांढरा बॉल हेड स्ट्रिंगच्या (जिच्यामागून ब्रेक मारतात त्या रेषेच्या) मागे ठेवून समोरच्या कुशनला लावून परत आपल्या कुशनजवळ आणा. दहा वेळा. किती बॉल कुशनपासून वीतभराच्या आत थांबले ते लिहा. मग एका रिकाम्या बाटलीच्या तोंडात टिप न टेकवता वीस वेळा सावकाश स्ट्रोक फिरवा आणि किती वेळा काच वाजली ते लिहा. टेबल तेच, वेळ शक्यतो तीच. एका टेबलावरचं कापड नवं आणि दुसऱ्यावरचं झिजलेलं असेल तर आकड्यांची तुलना करू नका.

> तपासा: तार काढून टाकल्यावर पुन्हा दोन दिवस खेळा. मूळ स्टिकवरही आकडे तेवढेच चांगले आले तर बदलाची गरजच नव्हती, सराव वाढला होता.

८. आता बोल्ट

बटाच्या टोकाचा रबरी बम्पर बघा. मध्ये स्क्रू असेल तर तो काढा. नसेल तर बम्पर फिरवून किंवा ओढून निघतो. पक्कड लावू नका, रबर फाटतं. सुकून चिकटला असेल तर कडेने बोथट चमचा फिरवून सोडवा.

आत मोबाईलचा टॉर्च मारा. बहुतेक स्टिकमध्ये ॲलन की (षटकोनी किल्ली) लागणारा बोल्ट दिसेल. नेमक्या मापाची की लावा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. सैल की लावली तर खाच गोल होते, मग बोल्ट निघत नाही.

बोल्ट हातात आल्यावर चार गोष्टी लिहा: वजन, लांबी, जाडी, आणि एका इंचात आटे किती.

आटे मोजण्याचा आग्रह माझ्या स्वतःच्या अनुभवातून आलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका दुकानात मी बोल्ट बदलून घेतला. दुकानदाराने जाडी बघितली, आटे बघितले नाहीत. बोल्ट दोन फेऱ्यांनंतर कडक जायला लागला, त्याने जोर लावला, आणि "कट्" असा बारीक आवाज आला. बटाच्या मागच्या भागात केसाएवढी चीर गेली. ती चीर पुढच्या पावसाळ्यात रुंदावली. ती स्टिक मी आजही ठेवली आहे, खेळत नाही.

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट सुतावर मागतात. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, साडेनऊ मिलिमीटर. पण तीन सुती साध्या बोल्टला इंचाला सोळा आटे असतात, आणि स्टिकमध्ये त्याच जाडीला दहा आटेही असतात. दहा मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट तर जाडीने जवळपास तसाच दिसतो. तिन्ही एकमेकांच्या जागी जात नाहीत. त्यामुळे कंपनीचा बोल्ट मिळत असेल तर तोच घ्या. मिळत नसेल तर जुना बोल्ट घेऊन भोसरीतल्या किंवा हडपसरच्या एखाद्या लेथवाल्याकडे जा आणि त्याच आट्यांचा करून घ्या. त्याला ग्रॅम सांगा, लांबी तो काढेल. तीन सुती स्टीलचा दांडा सेंटिमीटरला साडेपाच ग्रॅमच्या आसपास भरतो, ॲल्युमिनियमचा दोनच्या आत. म्हणजे पाच सेंटिमीटरचा बोल्ट स्टीलमध्ये औंसभर आणि ॲल्युमिनियममध्ये त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा. लांबी न बदलता वजन बदलता येतं, हे फार सोयीचं आहे, कारण भोकाची खोली ठरलेली असते.

भोकाची खोली उदबत्तीच्या काडीने मोजा. बोल्ट पूर्ण आत गेल्यावर पुढे किमान अर्धा सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. बोल्ट तळाला टेकून पिळला की बट उभं चिरतं.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या नुसत्या बोटांनी द्या. बोटांनी गेला नाही तर आटे चुकीचे आहेत, तिथेच थांबा. आट्यांवर नळवाले वापरतात ती पांढरी टेफ्लॉनची टेप एक-दोन वेढे गुंडाळली तर बोल्ट सैल होऊन वाजत नाही. अरलडाइट, फेविकॉल, एम-सील यांतलं काहीही लावू नका. शेवटी कीने हलकेच घट्ट करा.

> तपासा: बम्पर बसवून स्टिक उभी धरा आणि बटावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. आत खणखण किंवा भुणभुण ऐकू आली तर बोल्ट सैल आहे. बोल्ट काढूनही भुणभुण राहिली तर आवाज फोरआर्म आणि मुठीच्या आतल्या जोडातून येतोय, आणि ते काम स्टिक दुरुस्त करणाऱ्याचं आहे, आपलं नाही.

मग परत तिन्ही मापं. तात्पुरत्या तारेच्या वेळी जे आकडे आवडले होते, त्यांच्याजवळ आले पाहिजेत. भारात तीन-चार ग्रॅमचा फरक चालेल. तोलबिंदू एक सेंटिमीटरहून जास्त सरकला असेल तर बोल्ट कुठे बसला ते परत बघा.

९. पुण्याचा पावसाळा आणि एप्रिल-मे

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. ११३ ग्रॅमच्या शाफ्टने आपल्या वजनाच्या दोन-तीन टक्के ओल धरली तर दोन-तीन ग्रॅम वाढतात, आणि ते सगळे पुढच्या बाजूला. बट पॉलिशमुळे सावकाश बदलतं. जुलैमध्ये स्टिक पुढे झुकल्यासारखी वाटली तर बोल्ट शोधू नका, आधी शाफ्ट तोला. मेच्या मध्यावर एकदा आणि ऑगस्टमध्ये एकदा शाफ्टचं वजन वहीत लिहून ठेवा. तुमच्या काठीचा स्वभाव दोन वर्षांत कळेल.

उन्हाळ्यात स्टिक बंद गाडीत ठेवणं हे सगळ्यात वाईट. दुपारी पार्किंगमध्ये आत जी भट्टी होते तिने शाफ्ट वाकते आणि जोडांचा गोंद ढिला पडतो. एसीच्या पार्लरमधून बाहेर भर पावसात न्यायची असेल तर पिशवीची चेन लावूनच न्या, घरी आल्यावर दोन्ही तुकडे पिशवीतून काढून कोरडे पुसा, अर्ध्या तासाने परत ठेवा. भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका. आडवी, किंवा एकदम उभी.

आणि वही पिशवीच्या कप्प्यातच ठेवा, काढलेल्या जुन्या बोल्टसह. स्टिक कधी विकायची झाली तर घेणारा तीच मागेल.